खोली दहा बाय बाराची, लेन्स ५० ची: फास्ट लेन्स घेताना या चुका टाळा

साक्षगंध मामाच्या घरी होतं. कवेलूचं घर, मधल्या खोलीत एकच एलईडी बल्ब, आणि माझ्या कॅमेऱ्यावर नवीकोरी ५० एमएम एफ १.८ लेन्स. आदल्याच आठवड्यात नागपूरहून आणलेली. पाटावर बसलेल्या पोरीचा एकटीचा चेहरा झकास आला. मग ओटी भरायला बाया गोळा झाल्या, आणि मी मागे सरकत सरकत धान्याच्या कोठीला टेकलो. तरी फ्रेममध्ये दोनच जणी. मामी म्हणाली, "काय बाहीर जाऊन काढतं का आता फोटो?"

लेन्सचा काही दोष नव्हता. मी एफचा आकडा (तो जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त) पाहून पैसे मोजले होते, खोली मोजली नव्हती. अंधारात फोटो काढायला फास्ट, म्हणजे लहान एफची लेन्स घेणाऱ्या दहापैकी आठ जण हेच करतात असं मला वाटतं, कारण दुकानात पहिलं नाव ५० चंच निघतं. ती स्वस्त मिळते ना!

आधी टेप काढा

आपल्याकडे सुरुवातीला घेतात त्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर असतो. त्यावर ५० ची लेन्स निकॉन, सोनीत ७५ सारखी आणि कॅननमध्ये ८० सारखी वागते, आणि हा आकडा जितका मोठा तितका फ्रेममध्ये भाग कमी मावतो. सरळ हिशेब सांगतो. दहा फुटांवरून कॅमेरा उभा धरला तर ५० मध्ये साडेचार फुटांच्या आसपास उंची मावते. म्हणजे उभा माणूस पायापासून डोक्यापर्यंत येतच नाही. त्याच जागेवरून ३५ ला साडेसहा फूट मिळतात. २४ असेल आणि कॅमेरा आडवा धरला, तर नऊ-साडेनऊ फुटांची रुंदी मिळते, म्हणजे ओटी भरणाऱ्या बायांची अख्खी रांग. आणि दहा बाय बाराच्या खोलीत दिवाण, कपाट, कोठी सोडून दहा फूट मागे जायला जागा असते कुठे?

घेण्याआधी फुकटात परीक्षा करा. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स ३५ वर फिरवा, रिंगवर चिकटपट्टी लावा आणि घरभर तासभर फोटो काढा. मग ५० वर लावून पुन्हा. उजेडाचा विचार करू नका, फक्त पाठ भिंतीला किती वेळा टेकते ते मोजा. माझी ३५ वर तीनदा टेकली, ५० वर मोजणं सोडून दिलं.

५० निकामी आहे असं मात्र नाही. झाडीपट्टीतल्या नाटकाच्या मंडपात, वडसा-गडचिरोलीकडे रात्रभर चालतं ते नाटक, तिथे तुम्ही स्टेजपासून लांब बसलेले असता. तिथे ५० काय, ८५ सुद्धा चालते.

एफ १.८ घेतली म्हणून १.८ वरच काढायचं?

पाच फुटांवरून ५० ला एफ १.८ वर पुढे-मागे मिळून जेमतेम सहा-सात सेंटीमीटरचा भाग स्पष्ट येतो. नवरी टिपटॉप, अर्धा हात मागे बसलेला नवरदेव धुक्यात. जोडप्याला एफ २.८ किंवा त्याहून थोडं पुढे जा आणि दोघांचे चेहरे तुमच्यापासून सारख्या अंतरावर येतील असे बसवा. घोळक्याला एफ ४, आणि आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारी सेटिंग) वाढवा.

मग फास्ट लेन्स कशाला, असं कोणीतरी विचारतंच. डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा फोकस करताना लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवतो आणि बटण दाबल्यावरच ते लहान करतो. त्यामुळे फोटो एफ ४ वर काढला तरी फोकसला १.८ चा उजेड मिळतो. १८-५५ वर एफ ३.५ लिहिलेलं असतं ते फक्त १८ साठी. ५५ वर ती ५.६ होते, आणि ५.६ पेक्षा १.८ मधून नऊ-दहा पट उजेड आत येतो. १.८ वरून १.४ वर गेलात तर दीडपटीपेक्षा थोडाच जास्त. किंमत मात्र दीडपटीवर थांबत नाही. मी तरी हा मोह सोडला.

खंजेरीचा हात

गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजेरी वाजवणाऱ्याचा हात थांबवायचा असेल तर शटर १/२५० सेकंद तरी हवं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, त्याच्या हाताची नाही. आयएसओ ३२०० ला भिऊ नका. ४०० वर काळाकुट्ट काढून घरी उजळवलेला फोटो तितकाच किंवा त्याहून जास्त दाणेदार दिसतो.

इथे एक घोळ मात्र आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/२५० वर फोटोत आडवे पट्टे आले तर लेन्स परत करायला धावू नका. १/१०० किंवा १/५० वर तेच काढून पाहा, पट्टे गेले तर दोष दिव्याचा. हात थांबवायचाच असेल तर कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर आहे का बघा, नाहीतर न लुकलुकणारा स्वतःचा दिवा न्या.

बसते का, आणि फोकस करते का

निकॉन डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी ५० एमएम एफ १.८ डी बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. त्याऐवजी 'एएफ-एस' लिहिलेली एफ १.८ 'जी' घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते. कॅननच्या आर या मिररलेस (आरसा नसलेल्या) मालिकेवर डीएसएलआरच्या ईएफ लेन्सला अडॅप्टर लागतो. उलट, आर मालिकेची आरएफ लेन्स डीएसएलआरवर लागतच नाही.

सेकंडहँड घेत असाल तर दिवसा जाऊ नका, किंवा दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चला. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. झाडीपट्टीचा पावसाळा काढलेल्या, लोखंडी कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. मग आतल्या पात्या उघडझाप करून बघा. तेलकट चमकत असतील, अडखळत असतील, तर कितीही स्वस्त असली तरी उचलू नका.