सिंगापूरला नवीन आलात? मग एकदा तरी हुए कुआनमध्ये जाऊन या

सिंगापूरला नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात सगळे एकच सांगतात, किराणा मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात मिळतो आणि महाराष्ट्र मंडळाचे मेंबर व्हा म्हणजे गणपतीत एकटं वाटणार नाही. दोन्ही बरोबर आहे, मंडळाचे मेंबर जरूर व्हा. पण या देशाच्या नागरिकांत चारातली तीन माणसं चिनी वंशाची आहेत, लिफ्टमध्ये रोज भेटणारी आंटी, मुलाचा क्लासटीचर, ऑफिसमधला मॅनेजर, आणि त्यांचं घर, सण, देव, मरण हे सगळं कसं चालतं याचा पत्ताच नसलेली आपली कितीतरी माणसं मी बघते. दहा-दहा वर्षं राहून परत जातात, आणि चायनीज न्यू इयर म्हणजे त्यांच्यासाठी दोन दिवस सुट्टी आणि बंद दुकानं एवढंच. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तर हुए कुआन म्हणजे काय. चीनमधल्या एकाच भागातून आलेल्या, एकच बोली बोलणाऱ्या किंवा एकाच आडनावाच्या लोकांची संस्था. इंग्रजीत क्लॅन असोसिएशन म्हणतात. आपल्याकडे गिरणीत कामाला आलेल्या कोकणातल्या माणसांच्या, त्या त्या गावाच्या खोल्या लालबाग-परळला असायच्या ना, नवीन आलेला पोरगा आधी तिथे पथारी टाकायचा, मग त्याला कोणीतरी कामाला चिकटवायचं, अगदी त्याच गरजेतून या संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटिश अधिकारी रॅफल्स इथे १८१९ ला उतरला आणि हक्का बोली बोलणाऱ्या लोकांची यिंग फो फुई कुन १८२२ ची आहे, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत! फुजियानकडून आलेल्या हॉकियन लोकांची हॉकियन हुए कुआन १८४० ची, टिओच्यू लोकांची न्गी ॲन कोंग्सी १८४५ ची. बोटीतून उतरलेल्या माणसाला झोपायला जागा, काम, गावाकडे पत्र लिहून देणारा कोणीतरी, आजारपणात औषध आणि मेला तर पुरायला जागा, हे सगळं या संस्था बघायच्या. सरकार यातलं फारसं काही बघत नव्हतं.

सुरुवात तेलोक आयर स्ट्रीटपासून करा, रविवारी सकाळी जा, गर्दी कमी असते. आज तिथे चहूकडे ऑफिसांचे टॉवर आहेत पण तेव्हा समुद्र थेट या रस्त्याला लागून होता, भराव नंतर पडला. थियान हॉक केंग देऊळ (१८३९ ते ४२ मध्ये बांधलं) समुद्राच्या देवीचं आहे, माझू तिचं नाव, जीव मुठीत धरून समुद्र ओलांडून आलेला माणूस उतरला की पहिला तिच्या पाया पडायचा. हे देऊळ अजूनही हॉकियन हुए कुआनच सांभाळते. मागच्या बाजूला, अमॉय स्ट्रीटच्या अंगाला, यिप यू चाँग या चित्रकाराने भिंतभर चित्र काढलंय, हॉकियन माणूस कसा आला, कसा राबला, कसा स्थिरावला सगळं त्यात आहे, मुलांना घेऊन जा आणि सावकाश बघू द्या. त्याच रस्त्यावर थोडं पुढे नागोर दर्गा आहे, तामिळनाडूहून आलेल्या मुसलमानांचा, साधारण त्याच काळातला. आणि चायनाटाउनच्या मधोमध साऊथ ब्रिज रोडवर मारियम्मन देवीचं देऊळ. हे सगळे लोक एकाच वेळी नवीन होते.

या संस्थांनी काय काय उभं केलंय ते कळलं की तुमचा या शहराकडे बघायचा डोळाच बदलतो. ऑर्चर्ड रोडला ताकाशिमायाचं जे मोठं मॉल आहे, न्गी ॲन सिटी, ती जागा टिओच्यू लोकांची स्मशानभूमी होती, न्गी ॲन कोंग्सीची. त्या जागेच्या उत्पन्नातून आज शिक्षणाला, स्कॉलरशिपला पैसा जातो, आणि न्गी ॲन पॉलिटेक्निक आहे तेही याच कोंग्सीने १९६३ ला कॉलेज म्हणून सुरू केलेलं. बिशानला राहणाऱ्यांनो, तुमच्या घराखालीसुद्धा १८७० पासून कँटोनीज लोकांची मोठी दफनभूमी होती, पेक सान थेंग. घरं बांधायला सरकारने जमीन घेतली तेव्हा थडगी हलवली, आता तिथे अस्थी ठेवायची इमारत आहे आणि चिंग मिंगच्या, म्हणजे पितरांना भेटायच्या दिवसांत, एप्रिलच्या आसपास, आख्खी कुटुंबं डबे, फुलं, उदबत्त्या घेऊन येतात. त्या आठवड्यात तिकडे ट्रॅफिक लागलं तर हॉर्न वाजवू नका एवढंच.

आणि एनटीयूला, म्हणजे नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीला, शिकायला आलेल्या पोरांनी हे तर नक्की वाचा. तुमचा कॅम्पस ज्या जमिनीवर आहे ती ५०० एकर जमीन हॉकियन हुए कुआनने दान दिली होती. १९५३ ला तिचे अध्यक्ष टॅन लार्क स्ये यांनी चिनी भाषेतलं विद्यापीठ पाहिजे म्हणून हाक दिली, आणि नुसते श्रीमंत रबरवाले नाही, सायकलरिक्षा ओढणाऱ्यांनी एक दिवसाची कमाई दिली. १९५६ ला वर्ग सुरू झाले, १९८० ला ते नानयांग विद्यापीठ दुसऱ्यात विलीन झालं, त्याची हळहळ जुन्या माणसांच्या मनात अजून आहे. एखादे अंकल स्वतःहून नानताहचा, म्हणजे या नानयांग विद्यापीठाचा, विषय काढतील तर मध्ये बोलू नका, ऐका.

आता कामाचं. आपण चायनीज नाही मग आपल्याला आत घेतील का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मेंबरशिप बहुतेक ठिकाणी गाव, बोली किंवा आडनावावर असते, त्यामुळे मेंबर होता येईलच असं नाही. पण क्लास, कार्यक्रम, प्रदर्शनं, ऑपेरा याला बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना येता येतं, फोन करून विचारा. मँडरिन, सुलेखन, ताई ची, समूहगान, लायन डान्स, मुलांसाठी नाच आणि नाटक, बरंच काही चालतं. हॉकियन हुए कुआनचं तर मुलांसाठी स्वतःचं कला पथक आहे. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर शेंटन वेजवळचं सिंगापूर चायनीज कल्चरल सेंटर बघा, २०१७ ला उघडलंय, तिथे सगळं इंग्रजीतून समजतं. ते उभं करण्यात पुढाकार या सगळ्या संस्थांच्या फेडरेशनचा, जे १९८६ मध्ये सात मोठ्या संस्थांनी मिळून काढलं.

गाण्याची आवड असेल त्यांनी नानयिन एकदा ऐकाच. फुजियानचं खूप जुनं, संथ गाणं आहे, बासरी, आडवी धरायची वीणा आणि हातात लाकडी पट्ट्या, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. इथे सियाँग लेंग नावाची संस्था १९४१ पासून ते जपतेय. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल, मोबाईल काढू नका, बसून रहा.

भाषेचं एक समजून घ्या. तुमच्या शेजारच्या आजी हॉकियन किंवा टिओच्यू बोलतात, नातू इंग्रजी आणि मँडरिन, आणि दोघांचं एकमेकांशी धड बोलणं होत नाही अशी घरं खूप आहेत, कारण १९७९ पासून सरकारने मँडरिन बोला अशी मोहीम चालवली आणि टीव्ही-रेडिओवरून बोली गेल्या. म्हणून आता याच संस्था बोलीचे वर्ग घेतात. ज्यांच्या मुलांचं मराठी सुटत चाललंय त्यांनी हे बघायलाच हवं, इथल्या शाळेत मराठी विषय नाहीये, आपली मुलं बहुतेक हिंदी घेतात. शाळेवरून आठवलं, ताओ नान, आय टोंग या नावाजलेल्या शाळा हॉकियन हुए कुआनच्या आहेत पण त्यात मातृभाषा विषय फक्त मँडरिन असतो, हे ॲडमिशनआधी बघा. पहिलीच्या प्रवेशात क्लॅनशी जोडलेल्या लोकांना एका टप्प्यात प्राधान्य असतं म्हणून तेवढ्यापुरतं तिथे काम करणारेही आहेत, माझं स्पष्ट मत, असं करू नका, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कोण कशासाठी आलंय ते बरोब्बर कळतं.

न्यू इयरला कोणाकडे बोलावणं आलं तर दोन संत्री न्या, जोडीनेच, आणि दोन्ही हातांनी द्या, ते तुम्हाला परत दोन देतील, घ्या. काळे-पांढरे कपडे नको. लग्न झालेल्यांनी लग्न न झालेल्यांना लाल पाकीट द्यायचं, आंग पाव, त्यात नवी कोरी नोट, रक्कम सम, पण चार आकडा टाळायचा. पाकीट मिळालं तर समोर उघडायचं नाही हे मुलांना आधी घरी शिकवून न्या. भेट म्हणून घड्याळ कधीही देऊ नका, मरणाशी जोडलेलं आहे ते. आणि यू शेंग, म्हणजे सगळ्यांनी उभं राहून चॉपस्टिकने उंच उडवायची ती कोशिंबीर, त्यात कच्चा मासा असतो, बिनमाशाची पण मिळते, आधी सांगा. जेवढं उंच उडेल तेवढं वर्ष चांगलं, तेव्हा लाजू नका, ओरडा "हुआत आह!", म्हणजे भरभराट होऊ दे!

व्हेज लोकांनी घाबरू नये. भाजीत सुकी कोळंबी किंवा ऑयस्टर सॉस निघू शकतो, विचारावं लागतं. पण चिनी बौद्ध लोकांचं स्वतःचं शाकाहारी जेवण आहे, आणि पक्क्या बौद्ध जेवणात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या सासूबाई इथे आल्या की तेच मजेत जेवतात. कितीतरी चायनीज माणसं त्यांच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमा, आपल्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पंचांग पण चंद्राचंच, अधिक महिना त्यांच्याकडेही असतो, फक्त तो आपल्याबरोबरच येतो असं नाही. त्यामुळे त्यांचा मून केकचा सण २०२४ ला नेमका अनंत चतुर्दशीच्या दिवशी आला आणि २०२५ ला त्यांचा अधिक महिना आल्यामुळे कोजागिरीच्या दिवशी. त्या रात्री खाली मुलं कंदील घेऊन फिरत होती आणि आम्ही मसाला दूध घेऊन खाली उतरलो, दोन मजल्यांची माणसं एकत्र बसली. मून केकमध्ये अंड्याचा बलक किंवा डुकराची चरबी असू शकते, डब्यावर वाचा.

सातवा महिना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, पितरांचा. रस्त्याच्या कडेला गवतावर संत्री, भात, उदबत्त्या मांडलेल्या दिसतील, त्यावर पाय देऊ नका, ओलांडू नका, आणि कागद जाळल्याचा धूर येतो म्हणून तक्रारी करत बसू नका, महिनाभराचा प्रश्न आहे. संध्याकाळी मोकळ्या जागेत गेताई नावाचा गाण्यांचा कार्यक्रम असतो, फुकट, कोणीही बघावा, पण पुढची रांग रिकामी दिसली म्हणून बसू नका, ती आलेल्या पितरांसाठी असते. याच महिन्यातल्या जेवणांमध्ये वस्तूंचा लिलाव होतो, साधा कोळसा लाल कागदात सजवून "काळं सोनं" म्हणून भरपूर किमतीला जातो, त्यातून पुढच्या वर्षीच्या पूजेचा आणि दानधर्माचा खर्च निघतो.

शेजारी मयत झालं तर जा. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपले लोक संकोचाने जात नाहीत आणि शेजारी ते लक्षात ठेवतात. बिल्डिंगखालच्या व्हॉइड डेकला, म्हणजे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, मांडव असतो, तीन, पाच किंवा सात दिवस. साधे फिके कपडे, लाल अजिबात नाही, पांढऱ्या पाकिटात विषम रक्कम, फोटोसमोर वाकून नमस्कार, मग टेबलावर बसून शेंगदाणे खायचे आणि घरच्यांशी दोन शब्द बोलायचे. लाल दोरा देतील तो घ्या, घरात शिरायच्या आधी टाकून द्या. निघताना "परत भेटू" म्हणायचं नाही, नुसतं उठून जायचं.

वॉटरलू स्ट्रीटला गोकुळाष्टमीला कृष्णाच्या देवळात जाल तेव्हा बघा, शेजारीच क्वान यिम या करुणेच्या देवीचं देऊळ आहे आणि तिकडून आलेली चायनीज माणसं आपल्या देवळाबाहेर उदबत्त्या लावून कृष्णाला हात जोडतात, कोणी त्यांना बोलावलेलं नाही की कोणी अडवलेलं नाही.

पहिल्यांदा एखाद्या हुए कुआनमध्ये जाताना काही न्यायलाच पाहिजे असं नाही, नेलंत तर चकली न्या, ती इथे सगळ्यांना माहीत आहे. वयाने मोठे असतील त्यांना अंकल-आंटी म्हणा, चहा दिला तर दोन्ही हातांनी घ्या. बऱ्याच संस्थांत आता साठीच्या पुढचेच लोक जास्त आहेत, तरुण येत नाहीत ही त्यांची मोठी काळजी, त्यामुळे कोणी नवीन माणूस भिंतीवरचे जुने फोटो बघत थांबला तर बहुतेक वेळा कोणीतरी उठून जवळ येतं आणि हा कोण, तो कोण सांगायला लागतं. वेळ काढूनच जा, अर्ध्या तासात सुटका होत नाही.