घरचं व्होल्टेज नोंदवायचंय? आधी राउटर इन्व्हर्टरवर घ्या

मॉनिटर, म्हणजे घरचं व्होल्टेज मोजून वाय-फायवरून नोंद पाठवणारा छोटा डबा, नंतर आणा. आधी राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. हे वाक्य पुढं अजून दोन-तीन वेळा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. गेल्या उन्हाळ्यात मी एवढं एकच विसरलो आणि महिनाभराची मेहनत पाण्यात गेली.

झालं असं. मे महिना, दुपारचे चार वाजून गेलेले, अंग भाजून निघत होतं. वळवाचं वारं सुटलं आणि लाइट गेली. पाच-सात मिनिटांनी आली ती अशी आली की स्वयंपाकघरातला पंखा सुसाट फिरायला लागला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, फ्रिजमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि फ्रिज गप्प. मेकॅनिक म्हणाला, “कार्ड गेलंय मालक. हाय व्होल्टेज.” मी मनातून जवळजवळ खूश, कारण बोर्डात महिन्यापूर्वीच मॉनिटर बसवलेला. मोबाइल उघडला. ४:०९ ला २२६ व्होल्ट, ४:१८ ला २३१, आणि मधे पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ रेघ. लाइट गेली तसा राउटर गेला. लाइट आली तरी राउटर आणि फायबरचा डबा जागे व्हायला तीन मिनिटं लागली, आणि फ्रिज मेला तो पहिल्या मिनिटात. वायरमनला स्क्रीन दाखवली, तर तो म्हणाला, “यात तर काहीच नाही की.” त्याचं काय चुकलं?

लाइट परत येते तेव्हाची दोन-तीन मिनिटंच सगळ्यात वाईट असतात. आमच्याकडं सोलापुरात पूर्व भागात गल्लीगल्लीत यंत्रमाग. लाइट गेली की माग थांबतात, ज्या मोटारींना स्टार्टर आहे त्या आपोआप सुरू होत नाहीत. त्यामुळं लाइट येते तेव्हा लाइन हलकी असते आणि व्होल्टेज चढलेलं. मग एकेक करून माग, कूलर, बोअरच्या मोटारी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून व्होल्टेज लगेच खाली बसतं. म्हणजे चढ आणि उतार दोन्ही त्याच तीन मिनिटांत, आणि नेमका तेव्हाच राउटर झोपलेला. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

घेतला म्हणजे नुसता प्लग हलवला असं नाही. डबे दोन असतात, राउटर वेगळा आणि फायबरचा वेगळा, दोन्ही हलवा. मग मेन एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मुख्य स्विच, पाडा आणि राउटरच्या दिव्यांकडं बघत उभे राहा. दिवे सगळे विझून पुन्हा एकेक लागायला लागले, तर इन्व्हर्टर बदली व्हायला वेळ घेतोय. त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबून परत मेन पाडून बघा. तरीही विझत असेल तर राउटरसाठी मिळतो तो छोटा बॅटरीचा डबा आणा, पण अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२ ते वाचून आणा. नाहीतर व्होल्टेज मोजायच्या नादात राउटरच जळायचा. आणि प्लगवर टेप लावा. आमच्या आईनं मिक्सरसाठी दोनदा राउटरचा प्लग काढला. तिला विचारलं तर म्हणाली, “तुझं ते इंटरनेट काय चटणी वाटून देतंय?” आता तिथं लाल टेप आहे आणि शेंगा दुसऱ्या बोर्डावर वाटल्या जातात.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट: मॉनिटर मात्र इन्व्हर्टरच्या लाइनवर नको. राउटर इन्व्हर्टरवर, मॉनिटर मेनवर. उलटं केलंत तर बाहेर व्होल्टेज १७० वर आलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जाणार आणि तुम्हाला इन्व्हर्टरचा स्वतःचा गुळगुळीत आकडा दाखवत बसणार. स्टॅबिलायझरनंतरही लावू नका, तोच प्रकार. कुठला सॉकेट कुठल्या लाइनवर आहे हे माहीत नसेल तर मेन पाडल्यावर जे चालू राहतं ते इन्व्हर्टरचं.

मॉनिटर कुठला? भिंतीत खोचायचा स्मार्ट प्लग स्वस्त आणि सोपा. पण पुष्कळ ॲपमध्ये त्या क्षणाचं व्होल्टेज दिसतं, कालचं दिसत नाही. घ्यायच्या आधी विचारा. मी जोडी वापरतो: व्होल्टेज आणि करंट मोजणारा छोटा बोर्ड पीझेम-००४टी, आणि त्याचे आकडे वाय-फायवर पाठवणारा ईएसपी३२. यात मोजायचं टोक मेनवर ठेवता येतं आणि ईएसपीचा चार्जर इन्व्हर्टरवर, म्हणजे लाइट गेली तरी ‘गेली’ आणि ‘आली’ याची वेळ पडते. पीझेम ८० ते २६० व्होल्टपर्यंतच मोजतं, त्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

याच्याकडून अपेक्षाही बेतानंच ठेवा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तुमचा डबा सेकंदाला फार तर एकदा आकडा देणार. दिवा नुसता डोळा मिचकावून गेला, तर तो उतार सरासरीत विरघळून जातो किंवा दिसतच नाही. वीज कडाडल्यावर येणारा झटका तर मायक्रोसेकंदांचा, तो या डब्याच्या बापालाही दिसणार नाही. त्यासाठी वेगळं सर्ज प्रोटेक्शन आणि धड अर्थिंग लागतं. घरचा मॉनिटर पकडतो ते काही सेकंद टिकणारे चढउतार. तेवढ्यावरही खूप कळतं.

जोडणी इलेक्ट्रिशियनकडून. मेन बंद करून. मीटरच्या आधीच्या वायरला आणि सीलला हात लावायचा नाही. एवढं सांगावं लागू नये.

करंट मोजायची कडी मात्र सोबत घ्या, व्होल्टेजसाठी ती लागत नसली तरी. मेनच्या फक्त फेज वायरभोवती अडकवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही कडीतून नेले तर शून्य दिसणार. ही कडी का, तर दोष घरातला की बाहेरचा हे तिच्याशिवाय कळत नाही. व्होल्टेज २२५ वरून २०० वर आलं आणि त्याच सेकंदाला तुमचा करंट २ वरून ११ अँपियरवर गेला, तर तुमच्याच घरातलं काहीतरी सुरू झालंय. करंट जागचा हलला नाही आणि व्होल्टेज बसलं, तर कारण दाराबाहेर. हा फरक दाखवता आला की समोरच्याला “तुमची वायरिंग बघून घ्या” म्हणता येत नाही. खांबापासून तुमच्या बोर्डापर्यंतचे जोड तपासायचा साधा उपाय: २००० वॅटचा गिझर लावा, म्हणजे साधारण ९ अँपियर. मेन बोर्डावरचं व्होल्टेज तीन-चारनं उतरलं तर ठीक. दहा-बारानं उतरलं तर कुठंतरी जोड सैल आहे, मीटरपाशी किंवा खांबावर.

आणि एक धोक्याची खूण. शेजारच्या काकांनी गिझर लावल्यावर तुमचं व्होल्टेज चढलं, किंवा तुमच्याकडं २६० आणि त्याच वेळी त्यांच्याकडं १७०, तर न्यूट्रल सैल झालाय किंवा तुटलाय. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात, न्यूट्रल गेला की ते दोन घरांत वाटले जातात आणि ज्याचा लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त येतात. तेव्हा स्क्रीनशॉट घेत बसू नका. मेन पाडा, काकांनाही पाडायला सांगा, मग वीज कंपनीच्या १९१२ ला फोन.

मल्टिमीटर शेजाऱ्याचा चालेल, पण बरा असावा. मॉनिटरचा आकडा त्याच्याशी दोनदा ताडून बघा, दुपारी आणि रात्री. माझ्यात ३ व्होल्टचा फरक निघाला, तेवढा सेटिंगमध्ये वजा केला. घड्याळ भारतीय वेळेवर आहे का बघा, नाहीतर सगळ्या नोंदी साडेपाच तास मागं पडतात आणि दुपारचा उतार सकाळी दिसतो.

नोंदी कुठं राहणार? मी जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट चालवतो, म्हणजे घरातल्या अशा डब्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात बारीक नोंद मुळात १० दिवसच टिकते, पुढं तासाची सरासरी, किमान आणि कमाल तेवढं उरतं. दिवस वाढवून घ्या, किंवा दर रविवारी फाइल उतरवून ठेवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते म्हणून मी निर्धास्त होतो. लॅपटॉप चालू, मॉनिटर चालू, आणि दोघांना जोडणारा राउटर मेलेला! म्हणून म्हणतो. राउटर इन्व्हर्टरवर.

मर्यादा ठरवताना पाया असा: आपलं ठरलेलं व्होल्टेज २३०, आणि १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ५४ व्या नियमात कमी दाबाच्या ग्राहकाला ६ टक्के इकडंतिकडं चालेल असं होतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आलेखावर या दोन रेघा मारून ठेवा. मोबाइलची घंटा मात्र २१६ ला लावू नका, एप्रिलमध्ये दिवसभर वाजत राहील आणि चौथ्या दिवशी तुम्हीच बंद कराल. माझी १९० आणि २५५ ला आहे.

जवळ एक वही ठेवा. वेळ आणि काय झालं, एवढंच: ‘दिवे मंद’, ‘वारं’, ‘समोरचे माग सुरू’. आलेखात खड्डा दिसतो, त्याचं कारण वहीत सापडतं. आमच्या वहीतून कळलं की रोजचा मोठा उतार एका ठरावीक वेळी येतो, आणि त्या वेळी समोरच्या कारखान्यात पाळी बदलते.

कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, सोलापूरजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं वीजनिर्मिती केंद्र असताना आपल्याला व्होल्टेज का नाही? त्याचा याच्याशी संबंध नाही. तिथली वीज वरच्या ग्रिडमध्ये जाते, आपला प्रश्न गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून मीटरपर्यंतचा.

दोन आठवडे हात न लावता चालू द्या. मग सगळ्यात वाईट पाच प्रसंग निवडा, व्होल्टेज आणि करंट एकाच आलेखावर घ्या, प्रिंट काढा. वीज कंपनीला द्यायच्या अर्जावर बारा आकडी ग्राहक क्रमांक, खांबाचा नंबर असेल तर तो, शेजाऱ्यांच्या सह्या. अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

बाकी टेस्टर, स्क्रू, टेप वगैरे घरात असतंच. आज संध्याकाळी मेन पाडून राउटरचे दिवे बघा, तोवर मॉनिटर मागवू नका.