छावणीसाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ: निघण्याआधीची तयारी

समजा, बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांसाठी चक्रीवादळाच्या तयारीवर व्हिडिओ करायचा आहे. कॅमेरा, ट्रायपॉड, माइक ही यादी कुणीही करेल. ती शेवटी बघू. आधी कॅलेंडर काढा. बंगालच्या उपसागरात वादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याच्या तोंडावर एप्रिल-मे आणि पावसाळा सरताना ऑक्टोबर-नोव्हेंबर. ‘मोखा’ चक्रीवादळ धडकलं ते १४ मे २०२३ रोजी. म्हणजे व्हिडिओ मार्चमध्ये लोकांच्या हातात हवा आणि काम जानेवारीतच सुरू व्हायला हवं.

मग सांगायला नेमकं काय आहे, ते तपासा. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त माणसं इथे आली. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर बांबू-ताडपत्रीची घरं उभी राहिली. पक्कं बांधायची परवानगी नाही, छावणीबाहेर मनाने जायची मुभा नाही. अशा माणसाला ‘सुरक्षित इमारतीत आसरा घ्या’ म्हणणं म्हणजे चेष्टा. त्यापेक्षा छप्पर दोरीने कसं आवळायचं, गटार कधी मोकळं करायचं, नोंदणीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत कसं बांधायचं, चालता न येणाऱ्या आजीला कुठल्या मशिदीत किंवा शाळेच्या शेडमध्ये न्यायचं आणि तिला उचलणार कोण, एवढं सांगा. जागेची खात्री नसेल तर तिचं नाव घेऊ नका. इशारा झेंड्यांनी देतात. झेंडे वाढले की धोका वाढला. प्रत्येक झेंड्याला घरातल्यांनी काय करायचं, ते त्या छावणीतल्या स्वयंसेवकांकडून लिहून घ्या.

भाषेला सगळ्यात जास्त वेळ ठेवा. रोहिंग्या भाषा चाटगावच्या (चितगावच्या) बोलीला जवळची आहे, म्हणून चाटगावचा माणूस बोलला की भागेल असं सगळ्यांना वाटतं. भागत नाही. अर्धवट कळलेली सूचना न कळलेल्या सूचनेपेक्षा वाईट, कारण ऐकणारा मान डोलावतो आणि आपण पुढे निघतो. आपल्याकडे सरकारी फलकावर ‘अतिसार’ असतं आणि घरात ‘जुलाब’. रोहिंग्यात जुलाबाला ‘गा लामानी’ म्हणतात, शब्दशः अंग खाली उतरणं. हे कोशात बसून सुचत नाही. पडद्यावर अक्षरं टाळा: रोहिंग्या भाषेची हनिफी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाइलवरच्या अक्षरांच्या प्रमाणसंचात आली खरी, पण ती वाचणारे थोडे. चित्र आणि आवाज यांवरच भिस्त ठेवा, आणि तो आवाज रोहिंग्या बाईचा असू द्या. पडदा पाळण्याच्या रिवाजामुळे बायका घराबाहेर कमी पडतात, पण वादळात पोरं आणि भांडी त्याच सांभाळतात. कच्ची आवृत्ती ‘शांतीखान्यात’, म्हणजे छावणीतल्या फक्त बायकांसाठीच्या केंद्रात दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळ्या हो म्हणतील. ‘आता हे शेजारणीला सांगून दाखवा’ म्हणा. कुठे अडतं ते तिथेच कळेल.

चेहऱ्यांचा निर्णय निघण्याआधी घ्या. माणसांचे नातेवाईक अजून राखाइनमध्ये आहेत आणि छावणीतही सशस्त्र टोळ्या आहेत. मोहिब उल्लाह या नेत्याला २९ सप्टेंबर २०२१ ला छावणीतच गोळ्या घातल्या गेल्या. फाइल एकदा मेमरी कार्डांवर पसरली की परत घेता येत नाही, हे सांगूनच संमती मागा. माझं मत विचाराल तर चेहऱ्याऐवजी हात दाखवा. गाठ हातांनीच मारतात.

पोचवण्यासाठी फक्त इंटरनेटवर विसंबू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने छावण्यांत मोबाइल इंटरनेटवर बंदी आणली, ते जवळजवळ वर्षभराने परत आलं. फाइल छोटी करा, ब्लूटूथने आणि मेमरी कार्डावरून फिरेल अशी. नुसत्या आवाजाची आवृत्तीही काढा. टेकनाफच्या रेडिओ नाफसारख्या सामुदायिक केंद्राला आणि टमटमवर बांधलेल्या भोंग्याला तीच लागते. सगळं माझींवर, म्हणजे ब्लॉकच्या पुढाऱ्यांवर सोडू नका. ते आपल्या माणसांना आधी सांगतात. आवाजातच तारीख घाला, नाहीतर गेल्या वर्षीचा व्हिडिओ यंदा फिरतो.

एक वही हवीच. दाखवून झाल्यावर येणारे प्रश्न तिच्यात उतरवा आणि उत्तर घेऊन त्याच ब्लॉकमध्ये परत जा, उत्तर ‘नाही’ असलं तरी. प्रश्न वादळाचेच असतील असं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नोंदणीच्या कार्डावर ‘रोहिंग्या’ हा शब्द नाही म्हणून लोकांनी संप केला होता. कार्ड पिशवीत बांधा म्हणालात की तो विषय निघू शकतो. तेव्हा काय बोलायचं, हे आधी ठरवून जा.

आता सामान. दोन बॅटऱ्या, धुळीसाठी फडकं, माइकला वाऱ्याची टोपी. आणि दोरी, पण छावणीत वाटलेलीच. बाजारातली जाड नायलॉनची दोरी घेऊन गेलात, तर बघणारी पहिली बाई विचारेल, ही कुठे मिळते?