फिरायला निघण्याआधी हवेचा आकडा कसा बघायचा

मला दमा आहे आणि सकाळी फिरून आल्याशिवाय चहा गोड लागत नाही. गेल्या जानेवारीत पहाटे सहाला हवेचा गुणवत्ता निर्देशांक दाखवणारं ‘समीर’ ॲप उघडलं. आकडा ८८, म्हणजे ‘समाधानकारक’. मफलर गुंडाळून नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेलो, आणि दुसऱ्याच फेरीला छाती शिट्ट्या मारायला लागली. पंप खिशात होता म्हणून निभावलं. दोष ॲपचा नव्हता, मीच तो आकडा चुकीचा वाचला होता.

ॲपवर ठळक दिसणारा हा आकडा म्हणजे मागच्या २४ तासांची सरासरी. त्यात कालची स्वच्छ दुपारही धरलेली असते. आपल्याकडे थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते, त्यामुळे धूर वर जातच नाही. ऊन चढलं की हळूहळू सुटतो. म्हणून मी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन तासागणिक नोंदी बघतो. त्यातही फक्त पीएम २.५, कारण हेच बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. भारतीय मानकाप्रमाणे त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. एका तासाच्या आकड्याला ती लावणं शास्त्राला धरून नाही, पण मला एक रेघ हवी होती, ती मी ६० वर ओढली.

हवा मोजणारं केंद्र आपल्या जवळचंच निवडा. गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी, अंबड एमआयडीसी यांचे आकडे एकाच सकाळी वेगवेगळे असतात. मी पांडवनगरी बघतो, पंचवटीतली मुलगी हिरावाडी बघते. द्वारकेच्या सिग्नलला जो धूर आपण गिळतो, तो मात्र यातल्या कुठल्याच केंद्रात जसाच्या तसा दिसणार नाही. आणि शेजारच्या सोसायटीत कोणी पालापाचोळा पेटवला असेल तर ॲपपेक्षा नाकावर विश्वास ठेवा. (घंटागाडी दारात येते, तरी काडी लावायची हौस काही जात नाही!)

मुख्य प्रदूषक कोणता, तेही बघा. पीएम १०, म्हणजे जरा जाड कण, असेल तर बहुतेक वेळा धूळ, म्हणजे खोदलेला रस्ता टाळून दुसऱ्या गल्लीने जा. उन्हाळ्यात ओझोन दिसला तर सकाळच बरी, कारण तो उन्हात तयार होतो आणि दुपारी चढतो. नाकाला नुसता रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो.

भाच्याने अमेरिकी मोजपट्टीचं ॲप टाकून दिलं होतं. ते मी काढून टाकलं. पीएम २.५ जेव्हा ६० असतं, तेव्हा आपला निर्देशांक १०० दाखवतो आणि त्यांचा दीडशेच्या वर जातो. एकाच हवेवरून घरात दोन भांडणं कशाला?

शेवटी स्वतःची फुंकही मोजा. फुंकेचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. माझा आजवरचा सर्वोत्तम ४२०. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३३६. त्याखाली आलो तर हवा कितीही छान असो, मी घरातच. औषधात फेरफार करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

दोन्ही आकडे मी कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. आज सहाला पांडवनगरी ९२, साडेआठला ५४, फुंक ३८०. पावणेनऊला निघालो.