इंग्लंडच्या रानवाटा: एका दिवसाची पायी फेरी कशी आखावी आणि कशी पार पाडावी

सह्याद्रीत शनिवार-रविवार गड चढणाऱ्यांना इंग्लंडमधल्या पायवाटा सुरुवातीला किरकोळच वाटतात. चढ जेमतेम दोनशे मीटरचा, आणि वाट गावातून निघून गावातच परतणारी. अडते ते भलतीकडेच. शेताच्या मधोमध वाट गायब होते, फाट्यावर तीन बाण तीन दिशा दाखवतात, डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच कातरवेळ होते आणि परतीची शेवटची बस त्याआधीच गेलेली असते. इथे दम कमी लागतो, नकाशा जास्त. म्हणून निम्मी फेरी आदल्या रात्री टेबलावर नकाशा पसरूनच करायची.

पुढची कृती उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या भागातल्या मॅलम गावाभोवतीच्या फेरीला धरून सांगितली आहे. साधारण आठ किलोमीटरच्या वर्तुळात ओढ्याकाठचे रान, धबधबा, घळ आणि चुनखडीचा प्रचंड कडा असे सगळे येते, त्यामुळे शिकायला ही वाट सोयीची. पद्धत मात्र इंग्लंडात कुठेही चालते. स्कॉटलंडचे कायदे वेगळे, तिथे हे नियम लावू नका.

१. नकाशा घ्या आणि वाचा

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे दोन नकाशे सगळीकडे मिळतात: गुलाबी वेष्टनाचा लँडरेंजर (१:५०,०००) आणि नारिंगी वेष्टनाचा एक्सप्लोरर (१:२५,०००). पायी फिरणाऱ्याने नारिंगीच घ्यावा. मॅलमसाठी ओएल२ क्रमांकाचा. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि फिकट निळ्या रेषांचा प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा. पण त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. शेतांच्या सीमा, म्हणजे कुंपणे आणि दगडी भिंती, त्यावर बारीक काळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात. गुलाबी नकाशावर त्या नसतात. डेल्समध्ये कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना-मातीविना रचलेल्या भिंतींचे जाळेच पसरलेले आहे, आणि वाट शोधायची ती या भिंती मोजत. ‘तिसरी भिंत ओलांडली की डावीकडे’ अशी टिपणे घरीच कागदावर करून ठेवा. धुक्यात पाट्या दिसत नाहीत. भिंत मात्र आडवी येतेच.

वाटा पाहताना रंगाकडे लक्ष द्या. आखूड हिरव्या तुटक रेषा म्हणजे पायी चालण्याच्या हक्काची वाट, लांब हिरव्या तुटक रेषा म्हणजे घोडे आणि सायकललाही मुभा असलेली. काळी तुटक रेषा फसवी असते: जमिनीवर वाट आहे एवढेच ती सांगते, तिथून जायचा हक्क आहे असे नाही. फिकट पिवळ्या छटेचा भाग २००० सालच्या कायद्याने पायी फिरण्यासाठी खुला झालेला आहे. तिथे वाट सोडूनही चालता येते.

छापील नकाशासोबत मोबाइलवर तोच नकाशा उतरवून घेण्याचा कोड मिळतो. निघण्यापूर्वी तो उतरवून ठेवा, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क बेभरवशाचे असते. गाडीच्या नेहमीच्या नकाशा-अ‍ॅपवर विसंबू नका. त्यात शेतवाटा अर्धवट असतात आणि ते तुम्हाला पदपथ नसलेल्या अरुंद रस्त्यावर नेऊन सोडते. अशा रस्त्याने जावेच लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागोमाग चाला.

२. दुसऱ्याच्या शेतातून हक्काने चाला

इंग्लंडमधल्या बहुतेक पायवाटा खाजगी जमिनीतून जातात. जमीन शेतकऱ्याची, वाटेवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. फाटकांवर आणि खांबांवर छोटे बाण असतात: पिवळा पायी चालणाऱ्यांसाठी, निळा घोडा आणि सायकलसाठीही, जांभळा आणि लाल त्याहून मोठ्या वाटांसाठी. लाल बाणाच्या वाटेवर मोटारही येऊ शकते, तेव्हा कान उघडे ठेवा. दिशादर्शक खांबावरचे अंतर मैलांत असते. मैल म्हणजे १.६ किलोमीटर. दोनचा आकडा पाहून दोन किलोमीटर समजलात तर सव्वा किलोमीटर जास्त चालाल.

मराठी माणसाचा पाय उभ्या पिकातून जायला धजत नाही, आणि ते चांगलेच आहे. पण नकाशावरची हिरवी रेषा शेताच्या मधोमध जात असेल तर सरळ त्या रेषेवरूनच, एकाच ओळीत जायचे. भीड म्हणून बांधाबांधाने वळसा घातला तर हक्काची वाट सुटते आणि पीक उलट जास्त तुडवले जाते. पेरणीसाठी नांगरलेल्या शेतात १४ दिवसांच्या आत वाट पुन्हा चालण्याजोगी करून देणे हे शेतकऱ्याचे काम असते. ती दिसत नसेल तर समोरच्या कुंपणातले फाटक किंवा स्टाइल, म्हणजे भिंत ओलांडायच्या पायऱ्या, हेरा आणि त्यावर नजर ठेवून चाला.

फाटक जसे सापडले तसेच सोडा. बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे. मुद्दाम उघडे ठेवलेले फाटक चांगुलपणाने लावून घेतले तर मेंढ्या पाण्यापासून तुटतात. चढून जायची वेळच आली तर बिजागरीच्या बाजूने चढा.

३. वेळेचे गणित मांडा

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मॅलमचे ८ किलोमीटर म्हणजे सुमारे ९६ मिनिटे, २०० मीटर चढाईची २० मिनिटे. एकूण दोन तासांच्या आत. प्रत्यक्षात चिखल, फाटके, फोटो आणि डबा धरून ते दुप्पट करा. मुले असतील तर साडेचार तास.

मग हे उलटे मोजा. जूनअखेरीस तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि पुढच्या आठवड्यात बरेच जण अंधारात सापडतात. परतीची बस आधी पाहायची, जायची नंतर. मॅलमला जवळचे मोठे स्टेशन स्किप्टन. तिथून बस मोजक्याच. रविवारी रेल्वेमार्गाची दुरुस्तीही काढलेली असते, म्हणून त्या दिवसाचे वेळापत्रक वेगळे पाहा.

४. ऋतू पाहून रान निवडा

एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य हा ब्लूबेल या निळ्या रानफुलांचा काळ. लंडनहून सोपे ठिकाण म्हणजे हर्टफर्डशरमधले अ‍ॅशरिज. लंडनच्या युस्टन स्टेशनहून रेल्वेने ट्रिंगला उतरा. स्टेशन ट्रिंग गावापासून दोनेक मैल लांब आहे, पण ऑल्डबरी हे अ‍ॅशरिजच्या पायथ्याचे गाव मैलभरच, त्यामुळे पायी जाणाऱ्याच्या पथ्यावरच पडते. फुलांत बसून फोटो काढू नका. तुडवलेले पान अन्न बनवू शकत नाही आणि खालचा कंद उपाशी राहतो. अशा जागी पुढची कित्येक वर्षे फुले नीट येत नाहीत.

ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा बीच नावाच्या झाडांच्या पिवळ्या-तांबूस पानांचा. त्यासाठी एपिंग फॉरेस्ट: लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने लाउटन किंवा थेडन बॉइसला उतरले की रान चालण्याच्या अंतरावर. तिथल्या बीच आणि हॉर्नबीम या झाडांची खोडे माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर एकदम फुगून त्यांतून बऱ्याच जाड फांद्या निघालेल्या दिसतील. जळणासाठी शतकानुशतके तिथवर छाटणी होत असे. कोवळे धुमारे गुरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून तेवढी उंची. १८७८च्या कायद्याने रान लोकांसाठी राखले गेले, छाटणीचा हक्क संपला आणि त्या फांद्या वाढतच गेल्या. आता त्या खोडाला जड झाल्या आहेत, म्हणून वाऱ्याच्या दिवशी अशा झाडाखाली डबा उघडून बसू नका.

नोव्हेंबर ते मार्च रानातली वाट चिकणमातीची असते. एक किलोमीटरला वीस मिनिटे धरा.

५. अंगावर आणि पाठीवर काय

जीन्स नको. भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब काढून घेतो आणि दिवसभर वाळत नाही. लवकर वाळणारी पँट, दोन-तीन पातळ थर, वरून पाणी न शिरणारे जॅकेट. घोट्यापर्यंत येणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट. स्पोर्ट्स शूज ओल्या चुनखडीवर सटकतात. माथ्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, ती घरीच ठेवा.

पाठीवर माणशी दीड लिटर पाणी, टॉर्च, शिट्टी, बारीक टोकाचा चिमटा, पार्किंगसाठी थोडी नाणी (नेटवर्क नसले की अ‍ॅपने पैसे भरता येत नाहीत) आणि डबा. खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर अनेकदा दुपारी अडीच-तीनला बंद होते ते संध्याकाळीच उघडते, आणि शाकाहारी माणसापुढे बऱ्याचदा चिप्सच येतात. दशम्या, कोरडी चटणी आणि चिक्की हा उत्तम बेत.

६. प्रत्यक्ष फेरी

मॅलम गावात छोट्या पुलावरून ओढा ओलांडा आणि प्रवाहाच्या दिशेने दक्षिणेकडे निघा. थोड्याच अंतरावर जॅनेट्स फॉसची पाटी डावीकडे वळवते. दोन-चार शेते ओलांडली की रान लागते. मेमध्ये रानलसणाची पांढरी फुले दिसण्याआधी वासच येतो. पाने तोडू नका, तशीच दिसणारी विषारी झाडेही सावलीत वाढतात. अ‍ॅश झाडांना बुरशीच्या रोगाने ग्रासले आहे, वाळलेल्या फांद्या अचानक तुटतात, तेव्हा वाट बंद असल्याची पाटी दिसली तर मुकाट्याने मानावी. फॉस म्हणजे छोटा धबधबा. त्याच्या तळच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धुवत.

वर चढून रस्त्याला लागा, उजवीकडे जा आणि पूल ओलांडून थोड्या अंतरावर डावीकडच्या फाटकातून गॉर्डेल स्कार या घळीत शिरा. दोन्ही बाजूंनी शंभरेक मीटरचे कडे जवळ येत जातात आणि धबधब्यापाशी वाट संपते. नकाशावर रेषा पुढे वर चढलेली दिसते, पण तिथे हाताने धरून ओल्या खडकावरून चढावे लागते. पाऊस झाला असेल किंवा मुले बरोबर असतील तर त्या भानगडीत पडू नका. आल्या वाटेने पुलापर्यंत परता.

पुलाजवळून वायव्येकडे चढणारी शेतवाट एक डांबरी रस्ता ओलांडून मॅलम कोव्हच्या माथ्यावर नेते. कडा सुमारे ८० मीटर उंच, आणि काठाला कुंपण नाही. माथ्यावर चुनखडीची फरशी आहे: गुळगुळीत लाद्या आणि मधे खोल फटी. पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळून त्या झाल्या. आत डोकावून पाहा, वाऱ्यापासून आणि मेंढ्यांपासून सुरक्षित राहिलेले नेचे तिथे वाढतात. घोटे मुरगळतात ते इथेच. नजर पायांवर ठेवा, दृश्य पाहायचे तर थांबून पाहा, आणि दाट धुके असेल तर माथ्यावर जाऊच नका.

शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचे पाणी या कड्यावरून कोसळत होते. आता पाणी जमिनीखालूनच जाते. डिसेंबर २०१५ मधल्या डेस्मंड वादळात मात्र थोडा वेळ इथे पुन्हा धबधबा वाहिला.

पश्चिम कडेने सुमारे ४०० दगडी पायऱ्या खाली उतरतात. पाऊस असेल तर फेरी उलटी करा, कारण ओल्या पायऱ्या चढणे उतरण्यापेक्षा बरे. पायथ्याशी ओढा खडकाखालून बाहेर येतो. त्याच्या काठाने गाव पंधरा-वीस मिनिटांवर.

कोणी पडले-झडले तर ९९९ लावा, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा, आणि नकाशावरचे ग्रिड आकडे, म्हणजे आपण कोणत्या निळ्या चौकोनात आहोत ते दाखवणारे आकडे, सांगा. हे पथक स्वयंसेवकांचे असते, पैसे घेत नाही. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

७. गायी आणि गोचिडी

गाय दिसली की आपला हात आपसूक तिच्या पाठीकडे जातो. इथे तो खिशात ठेवा. वासरू जवळ असलेली गाय अंगावर येते. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला, पळू नका. कुत्रा बरोबर असेल आणि गायी धावून आल्या तर त्याची दोरी सोडा. रोख त्याच्यावर असतो आणि तो निसटू शकतो.

उंच गवतातून आणि नेच्यांतून गोचिडी अंगावर चढतात. त्यांतल्या काहींमुळे लाइम रोग होतो. पँटचे पाय मोज्यात खोचा. घरी पोचल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला नीट पाहा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सावकाश सरळ वर ओढा. तेल, काडी, मीठ यांपैकी काही लावू नका. चावलेली जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. बहुधा एक ते चार आठवड्यांत, क्वचित तीन महिन्यांपर्यंतही, तिथे पसरत जाणारा चट्टा उठला किंवा तापासारखे वाटले तर जीपीकडे, म्हणजे तिथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि कोणत्या रानात फिरलात तेही सांगा.