स्पेनचा राजा आणि शहरांतले मातब्बर: अभ्यासाला कुठून हात घालावा

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा सोळाव्या शतकातला स्पेन कुठून वाचायचा हा प्रश्न ठरलेला असतो. राजांच्या वंशावळीत शिरू नका. एक शहर धरा आणि तिथे राजासाठी पैसा कोण उभा करत होतं, ते शोधा.

आधी एकसंध स्पेनचं चित्र मनातून काढा. कास्तील, आरागॉन, नापोली यांचा राजा एक, पण कायदे आपापले. सुरुवातीला कास्तील बरं. तिथल्या कोर्तेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधी सभेत, त्या शतकात १८ शहरांनाच मत होतं.

शहर ठरलं की प्रतिनिधीचं मुखत्यारपत्र बघा. राजाला ते बिनशर्त हवं असे, शहराला शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवायचा असे. १५२० साली सेगोव्हियाच्या रोद्रिगो दे तोर्देसियासने राजाच्या पैशाच्या मागणीला होकार दिला. गावी परतल्यावर जमावाने गळ्यात दोर अडकवून त्याला फरफटत नेलं आणि मारून टाकलं. कोमुनेरोंचा, म्हणजे कास्तीलच्या शहरांचा राजाविरुद्धचा, उठाव समजायचा तर या माणसापाशी थांबाच.

मग १५९० चा 'मियोनेस' कर घ्या. इंग्लंडवर पाठवलेलं आरमार हरल्यावर फिलिप दुसऱ्याने सहा वर्षांत ८० लाख दुकाद (त्या काळचं स्पॅनिश चलन) मागितले. पुढे या कराचा बोजा वाईन, तेल, मांस, व्हिनेगर यांवर पडला. म्हणजे होकार नगरसभेतल्या बड्यांचा आणि पैसे बाजारात जिन्नस घेणाऱ्याचे! वाचताना ही दोन नावं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

नगरसभेच्या 'रेहिदोर', म्हणजे सभासद, पदांकडे विशेष लक्ष द्या. राजा ती विकत असे. पद दुसऱ्याच्या नावे करून देता येई, पण देणारा त्यानंतर २० दिवस जगला पाहिजे, नाहीतर पद राजाकडे परत. म्हणून पद सोडल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख शेजारी शेजारी मांडा. पेशवे दप्तरातले वतनाचे तंटे चाळलेल्याला यातली घालमेल लगेच कळेल. याच सभेत राजाने नेमलेला अधिकारी, 'कोर्रेहिदोर', बसे. त्याचं कुणाशी जमे आणि कुणाशी बिनसे, तेही टिपून ठेवा.

स्पेनमधल्या सिमांकास गावच्या सरकारी दप्तरखान्यातले बरेच कागद 'पारेस' या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पण त्या काळचं धावतं हस्ताक्षर फार अवघड आहे. आधी कोर्तेसची छापील इतिवृत्तं वाचा, त्यातले नेहमीचे शब्द वहीत उतरवा आणि मगच मूळ कागद उघडा.