मोठ्या फोटोग्राफरांचे फोटो बघून शिकताय? या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. रस्त्यावरचं डबकं, त्यावरून उडी मारणारा मित्र, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आणि सगळं काळंपांढरं. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा पॅरिसमधला फोटो बघून केलेला. उडी आहे, डबकं आहे, प्रतिबिंबही आहे. तरी फोटो जमलेला नसतो, आणि नेमकं काय चुकलं ते मुलांना सापडत नाही.

मूळ फोटो निवांत बघा. सँ-लझार स्टेशनच्या मागे साचलेलं पाणी. त्यात आडवी पडलेली शिडी, तिच्यावरून एका माणसानं झेप घेतलीय आणि त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरलंय. मागच्या भिंतीवर पोस्टर आहे, त्यातही कुणीतरी तसंच झेपावतंय, पण उलट दिशेला. म्हणजे त्या फोटोत उडी एकटी नाही. पाण्यात तिचं प्रतिबिंब आहे, भिंतीवर तिची जोडीदार आहे. आपल्या फोटोत उडीच्या मागे स्कूटर असते, अर्धी कापलेली दुकानाची पाटी असते, आणि त्यांचा उडीशी काही संबंध नसतो. आपण विषय उचलला, मांडणी तिथेच राहिली. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

यावर मी एकच उपाय सांगते. आवडलेला फोटो कागदावर छापून घ्या, वर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिलीने फक्त मोठ्या रेषा आणि काळे भाग काढा. चेहरे, कपडे काढायचे नाहीत. दहा मिनिटं लागतात. मग कागद उचलून बघा: वजन कुठल्या बाजूला आहे, रिकामी जागा किती सोडलीय, कडेला काय कापलंय. शेवटी स्वतःला विचारा, फोटोग्राफर अर्धं पाऊल डावीकडे सरकला असता तर काय झाकलं गेलं असतं? या प्रश्नाचं उत्तर देता आलं तर त्या फोटोतून तुम्ही खरंच काही घेतलंत.

याच फोटोवरून आणखी एक गैरसमज दूर करते. ‘ब्रेसाँ क्रॉप करत नसे, म्हणून मीही करणार नाही’ असं बरेच जण ठामपणे सांगतात. एरवी तो करत नसे, हे खरं. पण हा फोटो त्यानं कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढला होता. लेन्सच्या डाव्या बाजूला फळी आली, आणि ती बाजू कापावी लागली. ऐकीव नियम पाळण्याआधी त्याच माणसाचं काम तपासून बघावं.

फक्त गाजलेला एकच फोटो बघणे

‘मी दिवसाला चारशे फोटो काढते, पण त्यांच्यासारखा एकही येत नाही.’ ही तक्रार मला फार ओळखीची आहे, कारण पहिली दोन वर्षं ती माझीच होती. आपण आपले सगळे फोटो बघतो आणि त्यांचा निवडलेला एक. तुलना तिथेच चुकते. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक १९५५ पासून अमेरिकाभर फिरला, सुमारे २८ हजार फ्रेम काढल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवल्या ८३. त्याचे हजारो फोटो पुस्तकापर्यंत पोचलेच नाहीत, हे कळल्यावर मला केवढा धीर आला!

आकड्यापेक्षाही शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या एका फोटोपर्यंत ते कसे पोचले. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिआ लँगनं १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे फोटो काढले. त्यातला एक जगभर गेला. त्याच भेटीतल्या बाकीच्या फ्रेम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्या शेजारीशेजारी उघडा. लांबून काढलेल्या फ्रेममध्ये अख्खा तंबू दिसतो, आजूबाजूचं सामान दिसतं, मुलं इकडेतिकडे बघतायत. मग ती जवळ येते. आणखी जवळ. सामान फ्रेमबाहेर जातं, तंबूचं नुसतं कापड उरतं. गाजलेल्या फोटोत दोन मुलांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून आईच्या खांद्यांवर डोकी टेकलीयत, मांडीवर तान्हं आहे, आईचा हात गालापाशी आहे. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून आपली नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नाही. हे पहिल्या फ्रेममध्ये नव्हतं. ते एकेक पाऊल पुढे जात, एकेक गोष्ट वगळत मिळालं.

आणि एक. तळाची पाटी बघूनही लँग आधी गाडी न थांबवता पुढे निघून गेली होती. वीसेक मैल गेल्यावर परत फिरली. मला हे फार मोलाचं वाटतं.

करून बघायचं असेल तर एका विषयाच्या दहा फ्रेम काढा, लांबून सुरू करून दर वेळी एक पाऊल पुढे. रात्री दहाही एका पानावर लावा. बहुतेक वेळा असं दिसतं की आपण तिसऱ्या-चौथ्या पावलालाच थांबलो होतो. आणि बघताना फोन बाजूला ठेवा. वाचनालयात फोटोंचं जाड पुस्तक असेल तर तिथे बसून एक पान पाच मिनिटं बघा. बोटानं वर सरकवत गेलं की फोटो दिसतो, पण बघून होत नाही.

रंग प्रीसेटमधून आणणे

रघुबीर सिंग यांचे भारतातले रंगीत फोटो बघितले की ते रंग आपल्याही फोटोत हवेसे वाटतात. मग ‘कोडाक्रोम’ नावाचं प्रीसेट, म्हणजे फोटोचे रंग एका झटक्यात बदलणारी तयार सेटिंग, विकत घेतलं जातं, दुपारी बाराच्या उन्हातल्या फोटोवर चढवलं जातं, आणि माणसांचे चेहरे विटकरी होतात. त्यांनी वर्षानुवर्षं ज्या कोडाक्रोम फिल्मवर काम केलं, तिचं उत्पादन २००९ मध्ये बंद झालं. ती फिल्म मंद होती, म्हणजे तिला प्रकाश जास्त लागे: ६४ आयएसओची किंवा त्याहूनही कमी. उजळ भागात जरा जास्त प्रकाश गेला की तिथला रंग उडून जायचा. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश, जपून, थोडं कमीच ठेवावं लागे, आणि रंग गडद येण्याचं मोठं कारण तेच. त्यांचा १९६७ चा बिहारमधल्या मुंगेरचा फोटो बघा: पावसात चिंब भिजलेल्या, एकमेकींना बिलगून उभ्या बायका. कुठेच कडक सावली नाही. रंग त्या उजेडातच होता.

तुमचे रंग फिके किंवा भडक येत असतील तर आधी वेळ बदला. ढगाळ दिवस, सकाळी आठच्या आत, नाहीतर इमारतीची सावली. मग फोनच्या स्क्रीनवर सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर जरा खाली ओढा. बरेचदा प्रीसेटची गरजच उरत नाही.

लेन्सच्या मागे लागणे

यावर फार लिहीत नाही. पण बातम्यांचे फोटो काढणाऱ्या होमाई व्यारावाला यांचं उदाहरण देते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, १९४२ पासून दिल्लीत काम केलेल्या. (सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात, हेही ठाऊक असावं.) त्यांच्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता. तो पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, म्हणजे फोटो डोळ्यांच्या नव्हे तर कमरेच्या उंचीवरून निघतो, आणि एका रोलमध्ये १२ फ्रेम मिळतात. या दोन्ही गोष्टी फोनवर फुकट करता येतात. फोन कमरेशी धरा, १२ फोटो झाले की घरी या. नवी लेन्स घेण्याआधी महिनाभर एवढं करा.

डार्करूम विसरणे

फॅन हो यांचा १९५४ चा हाँगकाँगचा फोटो: उंच पांढरी भिंत, तिच्याशी एकटी उभी मुलगी, आणि भिंतीवर तिरकी उतरणारी काळी सावली. एक मुलगा तशा सावलीसाठी आठवडाभर एका भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याला सांगितलं, ती सावली डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, घातलेली आहे. तो खट्टू झाला, पण हे आधी कळलेलं बरं. अँसल अ‍ॅडम्सनं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि पुढे अनेक वर्षं त्याच निगेटिव्हचे प्रिंट काढताना आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. ‘कॅमेऱ्यातून आला तोच खरा फोटो’ असं धरून बसाल तर अशा फोटोंतलं अर्धं काम तुमच्या लक्षातच येणार नाही. बातमीच्या फोटोचे नियम मात्र वेगळे. तिथे काही घालायचंही नाही आणि काढायचंही नाही.

त्यांच्याच जागी जाऊन उभं राहणे

पालखी दिवेघाटात येते त्या दिवशी घाटाच्या वळणांवर कॅमेरेच कॅमेरे असतात. मीही तिथे उभी राहिलेय. फोटो सुंदर येतो, आणि शेजारच्याचाही तसाच येतो. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते जागा शोधून नव्हे. ते वर्षानुवर्षं त्या माणसांकडे जात राहिले. हे मला उशिरा उमगलं. उमगलं तेव्हा मी घराजवळची पिठाची गिरणी धरली. दर रविवारी सकाळी नऊला जायचं ठरवलं.

पहिल्या दोन रविवारी गिरणीवाले काका हात जोडून, ताठ उभे राहायचे. तिसऱ्या वेळी ते मला विसरले आणि डबे उचलायला लागले. चौथ्या वेळी लक्षात आलं की पत्र्याच्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसा साडेनऊला बरोबर पट्ट्यापाशी पोचतो, आणि हवेतलं पीठ दहाएक मिनिटं लख्ख दिसतं. सहाव्या रविवारी गिरणी बंद होती. काका आत जमिनीवर बसून दगडाला टाकी लावत होते. भुवया पिठानं पांढऱ्या, छिन्नीचा एकसुरी आवाज, आणि अर्ध्या शटरखालून येणारा उजेड फक्त हातांवर. त्या दिवशी मी नऊ फ्रेम काढल्या. त्यातली आठवी माझी आजवरची सगळ्यात चांगली फ्रेम आहे.

माणसाला विसरणे

लँगनं त्या आईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, आणि त्या फोटोचा आपल्याला काहीच फायदा झाला नाही, ही खंत त्यांनी तेव्हा बोलून दाखवली. थोरांच्या कामातली ही बाजूही बघायची असते. नाव विचारा, फोटो कुठे दाखवणार ते सांगा, नको म्हणाले तर कॅमेरा खाली घ्या, आणि प्रिंट नेऊन द्या.

काकांना मी आठ बाय बाराचा प्रिंट दिला. त्यांनी तो पिठाच्या हातानं धरायला नको म्हणून आधी हात धुतले, पंच्याला पुसले, मग बराच वेळ बघितला. पुढच्या रविवारी मी कॅमेरा काढायच्या आतच त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि विचारलं, “ताई, एवढा उजेड पुरे, का अजून खाली घेऊ?”